कोडोपंत

कोडोपंतांना कधी ‘मी शिरूरचा’ असं सांगून पाहा. ते चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, “कोणतं शिरूर?” बीडकडं शिरूर कासार आहे, लातूरकडं शिरूर अनंतपाळ आहे, शिवाय शिरूर ताजबंद आहेच. “तुमचं शिरूर घोडनदी. तसं सांगावं माणसानं.” हा प्रश्न ते शिरूरच्याच एसटी स्टँडवर उभे राहून विचारतात. समोरच्याच्या हातात घोडनदीच्या बाजारातली मेथीची जुडी असते. तरीही विचारतात.

स्वतः दौंडचे. वडील रेल्वेत होते, त्यामुळे घरात स्टेशनांना नावं नव्हती, अक्षरं होती. दौंड म्हणजे डीडी. मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडात सोडून दुसऱ्या टोकाला जोडायचे. तो खेळ बघत हा मुलगा वाढला आणि पुढं सरळ चाललेल्या कुठल्याही बोलण्याचं इंजिन काढून उलट्या टोकाला लावायला लागला.

अशी माणसं प्रत्येक कचेरीत असतात. ‘अंदाजे’ हा शब्द ऐकला की त्यांना पित्त होतं. आमचे पंत नशीबवान, कारण त्यांना ह्या खोडीचा पगार मिळतो. शिरूरच्या एका खासगी दवाखान्यात ते नोंदी ठेवतात. रोज दौंडहून चौफुला, न्हावरा करत येतात आणि येताना कंडक्टरलाही सोडत नाहीत.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर नुसतं ‘साखर’ लिहिलं की पंत चिठ्ठी परत आणतात. ह्या मुलखात एका बाजूला पाटसचा कारखाना, दुसऱ्या बाजूला न्हावऱ्याचा. इथं ‘साखर किती?’ म्हटलं की पेशंट उतारा सांगतो, किंवा बिल कधी निघणार ते विचारतो. पंतांचं दुखणं मात्र वेगळं असतं. साखर रक्तातली की लघवीतली? उपाशीपोटी की जेवणानंतर? आकड्यात हवी की नुसतं ‘आहे-नाही’? अमेरिकेत इंडियानापोलिसच्या रीगनस्ट्रीफ इन्स्टिट्यूटनं १९९४ साली तपासण्यांच्या नावांचं एक काम सुरू केलं, त्याचं नाव लॉइंक. तिथं प्रत्येक तपासणीला सहा प्रश्न विचारतात : काय मोजलं, त्याचा कोणता गुण मोजला, केव्हाचं, कशातलं, कोणत्या मापानं, कोणत्या पद्धतीनं. उत्तरं जुळली की एक नंबर मिळतो. उपाशीपोटीच्या रक्तातल्या साखरेचा १५५८-६. हा नंबर पंतांना पाठ आहे. बायकोचा मोबाइल नंबर नाही.

खरं सांगायचं तर मीही आधी हसायचो. मग माझ्या आत्याच्या मुलानं इंग्लंडहून फोन केला, “माझी उपाशीपोटी साखर सात आलीय.” आत्यानं फोनवरच हंबरडा फोडला, सात म्हणजे पोराच्या अंगात साखर उरलीच नाही, आणि त्याला ताबडतोब गुळाचा खडा तोंडात टाकायला लावला. पंतांनी सातला अठरानं गुणलं. एकशे सव्वीस. तिकडचं माप मिलिमोलचं, आपलं मिलिग्रॅमचं. एकशे सव्वीस म्हणजे थेट मधुमेहाचा उंबरा. गूळ तोवर विरघळला होता.

डेंग्यूच्या दिवसांत तर पंत सुतकात असल्यासारखे वावरतात. “पेशी कमी झाल्यात” म्हणत नातेवाईक किवी घेऊन धावतात. “कोणत्या पेशी?” पंत ओरडतात. पांढऱ्या पेशी ६६९०-२, प्लेटलेट ७७७-३. आपल्या लोकांना दोन्ही नुसत्या ‘पेशी’. किवीवाल्यालाही फरक पडत नाही.

तपासण्यांपर्यंत ठीक होतं. पुढं त्यांच्या हाती स्नोमेड लागलं. हा आजार, लक्षणं, अवयव यांचा साडेतीन लाखांवर संकल्पनांचा कोश. भारत त्याचा सभासद २०१४ साली झाला आणि त्याचं राष्ट्रीय केंद्र पुण्यातच, सी-डॅकमध्ये आहे. पंत आता पुण्याच्या दिशेला पाय करून झोपत नाहीत. कुणी टिंगल केली तर थेट शिवाजी महाराजांना साक्षीला बोलावतात : महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो काय हौसेखातर? एका गोष्टीला एक शब्द, तरच राज्य चालतं!

राज्य चालत असेल, ओपीडी चालत नाही. ताप आला तर ३८६६६१००६ लिहून मोकळं होता येतं. पण रांजणगावहून आलेली म्हातारी ताप म्हणतच नाही. “कणकण हाय. हातपाय मोडून आल्यात. पायात रग हाय, पाठीत चमक निघती, डोक्यात ठणका, पोटात मुरडा, अन् डोळं भगभगत्यात.” पंतांनी कळ, ठणका, तिडीक, चमक आणि सणक यांना वेगवेगळे नंबर द्यायला एक वही केली. दीडशे पानांची. ती ‘क’मध्येच संपली.

ह्या वहीनंतर ते जरा खचले होते. तरी आयसीडीवर त्यांची श्रद्धा होती. पॅरिसच्या बर्तियाँनी १८९३ साली मांडलेल्या मृत्यूच्या कारणांच्या यादीचा हा दहावा अवतार. अकरावाही आलाय, पण पंत दहाव्यातच रमतात. यात म्हणे सगळं सापडतं.

उसाची तोड चालू असताना एक आजोबा आले. मनगटावर तीन ओरखडे.

“काय झालं, बाबा?”

“वाघ.”

“वाघ की बिबट्या?”

“वाघच की. पट्ट्याचा न्हाय, ठिपक्याचा.”

पंतांनी यादी उघडली. कुत्रा डब्ल्यू ५४. मगर डब्ल्यू ५८. बिबट्या नव्हता. “डब्ल्यू ५५. इतर सस्तन प्राणी.”

“इतर म्हंजी?”

“म्हणजे... मांजर, गाय, डुक्कर...”

“गायीनं शिंग मारलं तरी ह्योच लंबर?”

“ह्योच,” पंतांच्या तोंडून निघून गेलं.

“आन् मगरीला येगळा?”

“वेगळा.”

“घोडनदीत मगर बघितलीय का कुणी?”

पंत गप्प. नर्सनं तेवढ्यात रेबीजचं इंजेक्शन देऊनही टाकलं.

“मांजराच्या रांगंत नाव नगं लावू माझं. गावात ऱ्हायचंय मला.”

पंतांनी आवाज खाली आणला. “ठिकाण सांगा. ते तरी बरोबर लिहितो.” नंबरापुढचा एक आकडा जागा सांगतो : घर शून्य, रस्ता चार, शेत सात.

“उसाकडंला.”

“उसात की रस्त्यावर?”

“मी रस्त्यावर. त्यो उसात.”

पंतांचं पेन थांबलं. पाचची दौंडची गाडी त्या दिवशी त्यांच्याशिवाय गेली.