नाही म्हणायचं तर डिसेंबरातच म्हणा

सतरा वर्षांच्या मुलाला सरळ ‘नाही’ म्हणायला अमेरिकेतली काही बडी विद्यापीठं तयार नसतात. याला दयाळूपणा म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही. साडेतीन महिने मूल टांगून ठेवण्यात सोय विद्यापीठाची होते आणि झोप मुलाची जाते.

डिसेंबरच्या मध्याला पुणे, ठाणे, मुंबई, नाशिक इथली काही घरं पहाटे साडेपाचला जागी असतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा आदल्या संध्याकाळचे सात वाजलेले असतात आणि ‘अर्ली’चे निकाल पोर्टलवर येतात. १ नोव्हेंबरच्या सुमाराला अर्ज करायचा आणि वर्ष संपायच्या आत उत्तर मिळवायचं, असा हा करार. पण उत्तरं तीन असतात. हो. नाही. आणि डिफर्ड: अर्ज ठेवून घेतलाय, मार्चअखेर बाकीच्यांबरोबर, म्हणजे ‘रेग्युलर’ फेरीत, पुन्हा पाहू.

आई विचारते, “म्हणजे झालं की नाही झालं?”

पत्रात या प्रश्नाचं उत्तर नसतं. पत्रात असतं ते कौतुक. यंदाचे अर्ज तोडीस तोड होते, तुमचा अर्ज आम्हाला भावला, तुम्ही आमच्या विचारात आहात. वडील ते पत्र चारदा वाचतात आणि प्रत्येक वेळी त्यांना त्यात थोडी जास्त आशा दिसते. मुलगी मात्र एकदाच वाचते आणि खोलीत जाते.

आता आकडे पाहू, कारण आशा किती धरायची ते आकड्यांवरूनच कळतं. डिसेंबर २०२३ च्या निकालात हार्वर्डपुढे ७,९२१ अर्ली अर्ज होते. ६९२ जणांना प्रवेश मिळाला. स्पष्ट नकार मिळाला तो फक्त ८ टक्क्यांना. ८३ टक्के मुलं डिफर झाली. म्हणजे साडेसहा हजारांहून जास्त मुलांना सांगण्यात आलं की तुमचा विचार अजून चालू आहे.

त्या वर्षी हार्वर्डने एकूण १,९३७ जणांना प्रवेश दिला. अर्लीतले ६९२ वजा केले की उरतात १,२४५ जागा. त्यांच्यासाठी रांगेत हे साडेसहा हजार जुने आणि रेग्युलरचे ४६ हजार नवे. हे गणित डिसेंबरातही तिथल्या प्रवेश कार्यालयाला दिसत होतं. साडेसहा हजारांतल्या बहुतेकांना आपण घेणार नाही, हे तिथल्या अनुभवी माणसांना ठाऊक नव्हतं असं मानायला मी तयार नाही.

त्याच हंगामात येलकडे ७,८५६ अर्ली अर्ज आले होते. ७०९ जणांना होकार, सुमारे २० टक्के डिफर आणि ७१ टक्क्यांना डिसेंबरातच नकार. दोन्ही विद्यापीठं तितकीच नामांकित, मुलंही साधारण त्याच तोडीची. येलचा नकार त्या पहाटे जास्त झोंबला असेल. पण ती मुलं नाताळापर्यंत सावरून पुढच्या अर्जांना लागू शकली. मला येलची रीत जास्त माणुसकीची वाटते.

आणि हार्वर्डने? पुढच्याच वर्षापासून डिसेंबरात हे आकडे जाहीर करणंच बंद केलं.

आपल्या रेल्वेच्या वेटिंग लिस्टला निदान नंबर असतो. चाळीसवर आहोत की चारवर, ते कळतं, आणि चार्ट कधी लागणार तेही कळतं. डिफर झालेल्या मुलाला नंबर नाही, क्रम नाही, मागच्या वर्षी कितीजण आत गेले याचा बहुतेक ठिकाणी पत्ता नाही. काय कमी पडलं तेही कुणी सांगत नाही. गणित कच्चं वाटलं, निबंध फिका वाटला, की आर्थिक मदत मागितली ते आड आलं? परदेशी मुलांचा प्रवेश ठरवताना घरची ऐपत न पाहणारी विद्यापीठं अमेरिकेत मोजकीच: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ॲमहर्स्ट आणि आणखी काही. बाकी ठिकाणी मदत मागणं हे अर्जावरचं ओझं ठरू शकतं. डिफर झालेल्या मध्यमवर्गीय घराला हे माहीत असायला हवं. पण ते कळवणारी ओळ त्या पत्रात नसते.

आता आपल्याकडच्या मुलाचं कॅलेंडर बघा. निकाल डिसेंबरच्या मध्याला. रेग्युलर अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी १ ते ५ जानेवारी. म्हणजे डिफर झाल्याच्या धक्क्यातच पंधरा-वीस दिवसांत आठ-दहा नवे अर्ज. प्रत्येकाचे निबंध वेगळे. फी प्रत्येकी साधारण ७५ ते ९० डॉलर, म्हणजे सहा ते आठ हजार रुपये. जानेवारीत जेईई मेन. पाठोपाठ बारावीची प्रॅक्टिकल्स. फेब्रुवारीत बोर्डाचा पेपर. एमआयटीचा रेग्युलरचा निकाल अनेक वर्षं १४ मार्चला, तिथल्या संध्याकाळी ६ वाजून २८ मिनिटांनी लागत आला आहे. आपल्याकडे तेव्हा १५ मार्चची पहाट, चारला दोन मिनिटं कमी. बारावीची परीक्षा अनेकदा तेव्हाही चालू असते. हार्वर्ड-येल आणि मंडळींचा निकाल मार्चअखेर, आपल्या पहाटे साडेचारच्या सुमाराला.

अमेरिकेतल्या मुलाला या काळात बोर्डाची परीक्षा नसते. तिथल्या कॅलेंडरसाठी आखलेलं हे वाट पाहणं आपल्या मुलांच्या नेमक्या परीक्षेच्या दिवसांवर येऊन पडतं. आणि आपण त्यांना दोन बोटींवर पाय ठेवायला सांगतो.

विद्यापीठांची बाजू मला ठाऊक आहे. अर्ली अर्ज आधी येतात, सगळे अर्ज पाहिल्याशिवाय चांगल्या मुलाला घालवायचं नाही, सहामाही मार्क बघायचेत, नवं काही घडलं तर कळू द्यायचंय. दहा-पंधरा टक्के मुलांच्या बाबतीत हे मला पटतं. ती खरोखर सीमेवरची मुलं असतात, आणि डिफर होऊन मार्चमध्ये आत गेलेली मुलं दरवर्षी असतातच. पण ऐंशी टक्के मुलं सीमेवर असू शकत नाहीत. ऐंशी टक्क्यांना थांबवून ठेवणं म्हणजे निवडीचं काम पुढे ढकलणं, आणि त्या ढकलण्याचा खर्च अर्जदाराच्या खात्यावर टाकणं.

थांबायला सांगण्याचा आणखी एक प्रकार हार्वर्डमध्येच आहे. प्रवेशातल्या वंशाच्या विचारावरून जो खटला २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला, त्याच्या कागदपत्रांत ‘झेड-लिस्ट’ची चर्चा झाली. वर्षाला साधारण पन्नास-साठ मुलं. त्यांना सांगितलं जातं, एक वर्ष थांबा, मग या. त्यांतली निम्म्याच्या आसपास मुलं माजी विद्यार्थ्यांची. तीही थांबतात, पण त्यांची जागा पक्की असते. कोणाला जागा देऊन थांबवायचं आणि कोणाला नुसतंच थांबवायचं, हे संस्थेला नीट ठरवता येतं. मग बाकीच्यांना स्पष्ट उत्तर देणंही जमायला हवं.

अर्ली पद्धत श्रीमंत, माहितगार घरांच्या फायद्याची आहे हे या विद्यापीठांनी स्वतः कबूल केलेलं आहे. २००६ मध्ये हार्वर्ड आणि प्रिन्स्टनने याच कारणासाठी ती बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं. बाकीच्या बहुतेकांनी साथ दिली नाही, आणि २०११ मध्ये दोघांनीही ती परत आणली. चांगलं पाऊल उचलून मागे घेतल्याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण चूक कळली नव्हती असं आता म्हणता येत नाही.

डिसेंबर ते मार्च या काळात एक बाजारही उभा राहतो. डिफर झालेल्यांसाठी वेगळं पॅकेज विकणारे सल्लागार असतात. घाबरलेल्या पालकाला ते सांगतात की आता खरा खेळ सुरू झाला. मी त्या पालकांना सांगेन की पैसे ठेवा. करण्यासारखं फार थोडं आहे आणि ते मुलगा किंवा मुलगी स्वतः करू शकते. विद्यापीठाचं पत्र नीट वाचायचं. काही ठिकाणी नवी माहिती कळवायला फॉर्म असतो, काही ठिकाणी पत्र चालतं, काही जण स्पष्ट सांगतात की काही पाठवू नका. चालत असेल तिथे एक पानाचं पत्र: नोव्हेंबरनंतर काय घडलं, आणि अजून यायचं आहे का. शाळेने सहामाही मार्क पाठवले की नाही, ते विचारून घ्यायचं. संपलं. चौथं शिफारसपत्र, ओळखीच्या माजी विद्यार्थ्याचा फोन, प्रमाणपत्रांची फाइल, यातलं काही नको.

एक गोष्ट बऱ्याच घरांत माहीत नसते म्हणून ठळकपणे लिहितो. ‘अर्ली’चा एक प्रकार आहे अर्ली डिसिजन; त्यात प्रवेश मिळाला तर यायलाच हवं, असं बंधन असतं. पण डिफर झालात की ते बंधन सुटतं. मार्चमध्ये त्यांनी घेतलं तरी तुम्ही दुसरीकडे जायला मोकळे. जॉन्स हॉपकिन्स, व्हँडरबिल्ट, शिकागो, एमरी, टफ्ट्स अशा ठिकाणी अर्ली डिसिजनची दुसरी फेरीही असते. मुदत जानेवारीच्या सुरुवातीला, उत्तर फेब्रुवारीत. मात्र तिथे पुन्हा बंधन आलं. कोणती संस्था किती आर्थिक मदत देते याची तुलना करण्याची संधी जाते. ज्यांना मदतीशिवाय जमणार नाही त्यांनी धक्क्यातून सावरण्याच्या घाईत तिथे सही करू नये.

घरच्यांना, विशेषतः लग्नसराईत भेटणाऱ्या काका-मामांना, एक विनंती. “काय रे, अमेरिकेचं काय झालं?” हा प्रश्न मार्चपर्यंत विचारू नका. मुलाला उत्तर देता येत नाही, आणि दर वेळी ‘अजून कळलं नाही’ म्हणताना तो अपराध्यासारखा दिसतो. त्याच्याकडून काही चुकलेलं नाही. आईवडिलांनी त्याच्यादेखत पोर्टल उघडू नये. निकालाची तारीख आधी जाहीर होते. त्याआधी तिथे काही बदलत नाही.

आणि मुलांना. डिफर झालात की मनातल्या मनात ते ‘नाही’ धरा आणि जिथे अजून सगळं तुमच्या हातात आहे त्या अर्जांना लागा. विद्यापीठाने प्रामाणिकपणा दाखवला नाही तर तो तुम्ही स्वतःशी दाखवा. मार्चमध्ये होकार आला तर तो तेव्हा मोजू. तिथूनही पुढे १ मेपर्यंत निर्णय, व्हिसासाठी लागणारा आय-ट्वेंटी फॉर्म, व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळवणं, सगळं आहेच. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबवल्या, तेव्हा हातात प्रवेश असलेली मुलंही थांबली होती. तो थांबा मुलांच्या किंवा विद्यापीठांच्या हातात नव्हता. डिफरचा थांबा विद्यापीठाच्या हातात आहे.

म्हणून मागणी छोटी आहे. डिफरच्या पत्रात दोन आकडे छापा: मागच्या वर्षी किती मुलं डिफर केली आणि त्यांतली किती शेवटी घेतली. एमआयटी हे आकडे आपल्या संकेतस्थळावर देतं, त्यामुळे अवघड आहे असं कुणी सांगू नये. पहाटे साडेपाचला ते पत्र वाचणाऱ्या घराला तेवढं कळलं, तर आईच्या प्रश्नाला मुलगी स्वतः उत्तर देऊ शकेल, आणि जानेवारीचे अर्ज भरायला बसेल.