वायफायचं सोवळं

मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 वरचा हात काढला आणि धडधाकट लॅपटॉप रातोरात म्हातारे ठरले. विंडोज 11 त्यातल्या कित्येकांना दारातही उभं करत नाही. मग कारंजा तालुक्यातल्या धनजच्या पोराने काय करावं? कुणाकडून तरी पेनड्राइव्हवर डेबियन लिनक्सची एखादी जुनी आवृत्ती आणावी. लिनक्स चढतं, स्क्रीन उजळते, वायफाय तेवढं दिसत नाही. मशीन म्हणतं, फर्मवेअर नाही, नेटवरून घ्या. आणि नेट? ते वायफायवर!

याच्या मुळाशी निव्वळ कंजुषी आहे. वायफाय कार्डाला चालायला स्वतःचा एक छोटा प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, लागतो. तो कायमचा साठवायचा तर जास्तीची मेमरी द्यावी लागते. तो खर्च कंपन्यांनी वाचवला. त्यामुळे वीज गेली की कार्ड सगळं विसरतं आणि लॅपटॉप सुरू झाला की लिनक्सने त्याला पुन्हा पढवायचं.

डेबियनवाल्यांचं मुक्त सॉफ्टवेअरचं सोवळं त्याहून कडक होतं. हाच बंदिस्त प्रोग्राम कारखान्यातून कार्डावर कोरून आला तर कुणाची तक्रार नसायची. फाइल होऊन आला की ओवळा ठरायचा! फर्मवेअरसकटची प्रत होती, पण तिच्यावर ‘अनधिकृत’चा शिक्का. ज्याला ती कुठे आहे हे ठाऊक, त्याला गरजच नसायची. अखेर ऑक्टोबर 2022 मध्ये मतदानाने डेबियनचा 1997 चा ‘सामाजिक करार’ दुरुस्त झाला आणि 10 जून 2023 ला आलेल्या डेबियन 12 पासून इन्स्टॉलरच फर्मवेअर सोबत आणतो. तत्त्व सोडलं म्हणून काही जण अजून रुसलेत. रुसोत बापडे, त्यांच्या घरी ब्रॉडबँड असेल.

ब्रॉडकॉम या वायफाय कार्डांच्या कंपनीची कथा आणखी न्यारी. तिच्या जुन्या कार्डांचं फर्मवेअर वाटायला परवानगीच नाही, म्हणून त्याचं पॅकेज स्वतःच नेटवर जाऊन मूळ फाइल आणतं आणि त्यातून हवा तो तुकडा कापून घेतं. म्हणजे आजही आधी नेट, मग वायफाय.

तेव्हा धनजकरांनो, फॉरमॅट मारण्याआधी मोबाइलची केबल शोधा. नुसती चार्जिंगची नको, डेटाची. फोन जोडा, यूएसबी टेदरिंग सुरू करा. मग वायफाय दिसत नसेल तर इंटेलच्या कार्डाला ‘फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय’, रिअलटेकला ‘फर्मवेअर-रिअलटेक’ हे पॅकेज बसवा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. पेनड्राइव्हवर डेबियन 11 किंवा त्याआधीचं असेल, तर ते पुसा आणि नवं घ्या.