शिवाजी म्हणतो, म्यूट काढा

आमच्या घराण्यात मला आजवर पद असं कुठलंच मिळालेलं नव्हतं. लग्नात वाढपी, बारशाला घुगऱ्या वाटणारा, यापलीकडे माझी कारकीर्द गेली नाही. पण २०२० च्या टाळेबंदीत व्हिडिओ कॉलची एक लिंक मी पाठवली आणि ती चक्क सगळ्यांकडे उघडली. तेव्हापासून आमच्या 'रविवारची भावंडं' या उपक्रमाचा मी खेळप्रमुख आहे. टाळेबंदी उठली, नेमणूक उठली नाही. तेव्हाची मुलं मिशा फुटून निसटली, त्यांच्या जागी नवी भरती झाली.

सध्या माझ्या हाताखाली अकरा जण आहेत. वय वर्षं पाच ते बारा. मुक्काम पुणे, नाशिक, डोंबिवली, कोल्हापूर आणि न्यू जर्सी. अकराच्या अकरा नावं लक्षात राहत नाहीत म्हणून मी रेल्वेच्या निवेदकासारखा गावांच्या नावानं पुकारा करतो. उपक्रमाचा हेतू फार उदात्त आहे. मुलं स्क्रीनला चिकटून बसतात, भावंडांत मिसळत नाहीत, म्हणून आठवड्यातून एकदा त्यांना धरून स्क्रीनसमोर बसवायचं.

वेळ संध्याकाळी सातची, म्हणजे न्यू जर्सीत सकाळचे साडेनऊ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात. हे आमच्यापैकी कोणालाच आठवत नाही आणि दरवर्षी त्या रविवारी न्यू जर्सी सगळं आटोपल्यावर, दात घासून, भांग पाडून हजर होतं.

खातं फुकटचं, त्यामुळे चाळीस मिनिटांत कॉल आपोआप बंद पडतो. त्यातली पहिली दहा 'आवाज येतोय का' या खेळात जातात. हा खेळ मी ठरवलेला नाही, पण सगळ्या वयाचे लोक तो मनापासून खेळतात आणि त्यात कोणी बाद होत नाही.

पहिल्या वर्षी मी उत्साहानं संगीत खुर्ची घेतली होती. ज्यानं त्यानं आपापल्या घरातली खुर्ची आणली. मग लक्षात आलं की खुर्ची कमी करायची कोणाची? त्यातून मी लावलेलं गाणं त्या सॉफ्टवेअरला गोंगाट वाटलं. माणूस बोलला की ते आवाज सोडतं आणि वाजंत्री आली की दाबून टाकतं. मुलं गाण्याची वाट बघत खुर्च्यांभोवती उभी, मी इकडे टेबलावर ठेका धरून नाचतोय. शेवटी नाशिकनं विचारलं, "काका, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

'पार्सल पुढे द्या' त्याहून वाईट. प्रत्येकाच्या पडद्यावर चौकोनांची मांडणी वेगळी. कोल्हापूरच्या उजवीकडे पुणं, पुण्याच्या उजवीकडे आजोबांचं कपाळ. (आजोबांचं फक्त कपाळच येतं. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांची हनुवटी कोणी पाहिलेली नाही.) एकाच वेळी चार उश्या हवेत गेल्या आणि एक नाशिकच्या फिश टँकमध्ये उतरली.

मग आला 'वस्तू शोधून आणा'. हा खेळ चांगला असतो असं सगळे सांगतात, कारण मुलं उठतात, पळतात, घर हुडकतात. सांगणाऱ्यांच्या घरात सासू नसावी. मी म्हटलं, "पितळेची वस्तू आणा पाहू, पहिला येईल त्याला दहा गुण!" न्यू जर्सी शाळेत जिंकलेला चषक घेऊन आलं. तो प्लॅस्टिकचा निघाला. पुण्यानं दाराची कडी दाखवली, पण दार आणता आलं नाही म्हणून अर्धेच गुण मागितले. पुण्याचा हिशेब चोख असतो. तेवढ्यात डोंबिवली धावत आलं आणि दोन्ही हातांनी जपून निरांजन कॅमेऱ्यापुढे धरलं. पेटलेलं. तुपाची वात, वरती ज्योत, ज्योतीमागे विजयी चेहरा. तिन्हीसांजेची वेळ, त्यामुळे पडद्यावरच्या यच्चयावत मोठ्या माणसांचे हात आपोआप जोडले गेले. कपाळानंही किंचित वाकून नमस्कार केला. मग मागून डोंबिवलीच्या आजींचा आवाज आला, "अगं, देवापुढचं निरांजन कुठे गेलं?" दहाही गुण दिले, पण कॉलनंतर आजींचा फोन मला आला.

हाउजीबद्दल थोडक्यात. एक ते नव्वद आकडे, तिकिटावर त्यातले पंधरा, मुलांसाठी निरुपद्रवी खेळ. तिसऱ्या आकड्यानंतर सगळी तिकिटं आयांच्या हातात असतात. एका मावशीनं फुल हाउस घेतलं, ते तिकीट दुसऱ्या मावशीला संशयास्पद वाटलं, आणि पुढे दिवाळीचा फराळ दोन्ही घरांतून एकमेकांकडे गेला नाही.

शेवटी उरला आमच्या लहानपणीचा 'शिवाजी म्हणतो'. साहित्य लागत नाही, देवघर धोक्यात येत नाही. 'शिवाजी म्हणतो, हात वर' म्हटलं की हात वर करायचा, नुसतं 'हात वर' म्हटलं की करायचा नाही. शेवटचा हात ज्याचा, तो बाद. सुरुवात झकास झाली. पण दर वेळी न्यू जर्सीच बाद. त्याच्या वडिलांनी फॅमिली ग्रुपवर सभ्य इंग्रजीत भेदभावाची तक्रार नोंदवली. उत्तर देणं भाग होतं म्हणून मी कागद घेऊन बसलो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास, काचेच्या तंतूतून प्रकाश धावतो सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर. म्हणजे माझी आज्ञा जायलाच निदान साठ सहस्रांश सेकंद, हात वर झालेला दिसायला परतीचे तेवढेच. त्यात समुद्राखालच्या केबली सरळ रेषेत जात नाहीत आणि मधली यंत्रं आपापला वेळ खातात. तेव्हा मुलगा मंद नसून विश्वच असं बांधलेलं आहे, असं मी कळवलं. वडील इंजिनिअर आहेत. त्यांना गणित पटलं, निकाल पटला नाही.

मुलांना त्याचं काही नव्हतं. त्यांना या खेळात भलतंच हत्यार सापडलं होतं. "चला, आता म्यूट काढा," मी म्हणालो. कोणी हललं नाही. "अरे, म्यूट काढा!" अकरा चेहरे शांत. न्यू जर्सीनं पुठ्ठ्यावर स्केचपेननं लिहून दाखवलं: 'शिवाजीनं म्हटलं नाही'. मराठी शाळेत घातल्याचा एवढा रोकडा फायदा मी आजवर पाहिला नव्हता.

गेल्या रविवारी एकोणचाळीस मिनिटं झाली तसं मी सांगितलं, "चला मुलांनो, जेवायची वेळ झाली, कॉल बंद करा." एकही चौकोन मिटला नाही. एकही पापणी लवेना. पुण्याच्या चौकोनाखाली नावाच्या जागी 'रीकनेक्टिंग' असं दिसत होतं. माझंच नेट गेलं असणार म्हणून मी उठलो, राउटर बंद करायला हात घातला, आणि सहज मागे वळून पाहिलं. डोंबिवलीच्या डोक्यावरचा पंखा गरागरा फिरत होता. कोल्हापूरच्या मागे वहिनी पोळपाट घेऊन गेल्या.

मी परत खुर्चीत बसलो, घसा खाकरला आणि म्हणालो, "शिवाजी म्हणतो..."

तेवढ्यात चाळीस मिनिटं झाली.