तेल, पाणी आणि तिसरा

परभणीहून जिंतूरकडे निघालं की कुठल्या ना कुठल्या गावात महानुभावांचा आश्रम लागतो आणि त्या आश्रमात पोथ्या सांभाळणारे एक बाबा असतात. गावं बदलतात, बाबा बदलत नाहीत. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, फडताळाची किल्ली कमरेला.

जुन्या पोथीच्या शेवटी नकलणारा बजावून ठेवतो : तेलापासून राखा, पाण्यापासून राखा, मूर्खाच्या हाती देऊ नका. बाकीचे हे वाचून पोथी मिटतात, बाबा त्याची अंमलबजावणी करतात. पाहुणा दंडवत करून टेकतो न टेकतो तोच प्रश्न येतो, ‘‘स्टँडवर भजी खाल्लीत?’’ उत्तराची वाट न बघता न्हाणीकडे बोट. पाण्याचा तांब्या ओसरीच्या पायरीखाली. उरली तिसरी परीक्षा.

‘‘लीळाचरित्र कोणत्या पाठाचं वाचता?’’

‘‘कोलते सरांचं, १९७८ चं,’’ विद्यापीठातून आलेला संशोधक सांगतो.

‘‘म्हणजे छापील!’’ बाबा डोळे मिटून घेतात.

मग तासभर सुटका नाही. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी दारोदार हिंडून कशा गोळा केल्या, परचक्राच्या धामधुमीत मूळ प्रत कशी गेली, हीराइसांनी आणि इतरांनी ती आठवणीतून पुन्हा कशी उभी केली, म्हणून हा पाठ वेगळा, तो पाठ वेगळा. एका काना-मात्रेसाठी बाबा तीन बासनं सोडतात. लाल रुमालाची गाठ ते एका बोटाने उकलतात, फळी उचलतात, पान दोन्ही तळहातांवर घेतात आणि पाहुण्याने मान पुढे केली की पान मागे नेतात. ‘‘श्वास तिकडे सोडा.’’

संशोधक सकळ लिपीचा विषय काढतो. एका अक्षराच्या जागी ठरावीक दुसरं अक्षर लिहायची ही पंथाची सांकेतिक लिपी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहाससंशोधक राजवाड्यांनी उलगडली, असं तो ऐकवतो. बाबा थंडपणे म्हणतात, ‘‘राजवाड्यांना उलगडली. आम्हाला ती बंद होती कधी?’’ खरंच आहे. बाबा किराण्याची उधारीसुद्धा सकळ लिपीत मांडतात. वहीत किती लिहिलंय यावरून दुकानदाराला त्यांच्याशी आजवर भांडता आलेलं नाही.

महानुभाव कवी भास्करभट्ट बोरीकर परभणी जिल्ह्यातल्या बोरीचे, त्यामुळे ते बाबांचे गाववालेच. त्यांच्या ‘शिशुपालवधा’त शृंगार फार झाला, हे विरक्तांच्या कामाचं नाही, असा शेरा गुरुबंधूंनी मारला आणि भास्करभट्टांनी मग ‘उद्धवगीता’ लिहिली. सातशे वर्षांपूर्वीचा हा वाद बाबांच्या लेखी कालच्या ग्रामसभेतला आहे. ते ठामपणे गुरुबंधूंच्या बाजूने आहेत. ‘शिशुपालवधा’ची नक्कल म्हणूनच वरच्या फडताळात, वेगळ्या कुलपात. फडताळातल्या सगळ्या पोथ्यांत कडा सर्वांत झिजलेल्या आहेत त्या तिच्याच.

एवढं छळूनही संशोधक येत राहतात, कारण दुसरा इलाज नाही. बाबा वाचतात, ते उतरवून घेतात. अडलेला शब्द, तुटलेलं पान, वाळवीने खाल्लेली ओळ बाबा तोंडपाठ भरून देतात. कुणी मानधनाचं पाकीट पुढे केलं तर आधी त्याला तेलाचा हात लागलाय का ते बघतात आणि मग परत करतात. पुढे एखाद्या आवडत्या शिष्याचा रात्री दहाला फोन येतो, ‘‘बाबा, चौदाव्या पानाच्या पाठीमागे काय होतं?’’ बाबा अंथरुणात उठून बसतात आणि अंधारातच सांगतात.

दोन-तीन वर्षांनी रेक्झिनच्या बांधणीचा, सोनेरी अक्षरांचा प्रबंध टपालाने येतो. ऋणनिर्देशात मार्गदर्शक आहेत, प्राचार्य आहेत, सासू-सासरे आहेत, टंकलेखक आहे. सर्वांत शेवटच्या ओळीत बाबा आहेत आणि त्यांच्या नावात दोन चुका आहेत.

बाबा रागावत नाहीत. बोरू घेतात, समासात शुद्ध नाव लिहितात आणि खाली शेरा मारतात : ‘छापील प्रत भ्रष्ट.’