आमचा मेजर

आमच्या चकलांब्याचा पोरगा फौजेत साधा शिपाई म्हणून लागला, तरी पहिल्या सुट्टीवर गावात पाऊल टाकताच तो 'मेजर' होतो. खराखुरा मेजर कधी गावात आलाच तर त्याला काय म्हणायचं, याचा विचार कुणी केलेला नाही. माझा दोस्त बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात घडला आणि इतक्या वर्षांत नाईक झाला. सरकारला जमली नाही ती बढती आमच्या पारानं त्याला पहिल्याच दिवशी देऊन टाकली.

भरतीसाठी आम्ही दोघं पहाटे बरोबरच पळायचो. साडेपाच मिनिटांत 1600 मीटर, दहा बीम आणि नऊ फुटांचा खड्डा. त्यातला खड्डा तेवढा मला जमला, तोही मधोमध. म्हणून तो सरहद्दीवर आहे आणि मी हा लेख लिहितोय.

तो सुट्टीवर आला, हे पांढऱ्या अक्षरात नाव-नंबर लिहिलेली काळी पेटी दारात उतरली की कळतं. मग माणसं भेटायला येतात. खुशाली दोन वाक्यांत आटोपते आणि आवाज खाली जातो, "मेजर, कॅन्टीनचं काही?" फौजी कॅन्टीनमधल्या दारूचा कोटा हुद्द्यानुसार ठरतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यामुळे त्याला मोठी बढती मिळावी म्हणून देवाला साकडं घालणारे गावात पुष्कळ निघतील. मेजर स्वतः थेंबाला शिवत नाही. सुट्टीतही पहाटे पाचला उठतो, घोटून दाढी करतो, पांघरुणाची कड कडेला जुळवून घडी घालतो आणि मग एवढा नटून शेळीला चारा टाकतो.

सियाचिनला राहून आला तेव्हा पारावर त्याला घेरलं. "कसं असतंय रे तिकडं?"

"थंडी असती."

"आन् अजून?"

"लई थंडी असती. कापसाला काय भाव चाललाय?"

संपली मुलाखत. पुढं कधीतरी माझ्यापाशी एवढंच बोलला, की तिथं संत्रं दगडासारखं होतं, हातोडीनं फोडावं लागतं. उणे पन्नास, श्वास, हिमकडे यातलं काही नाही. फक्त संत्रं. तेही गावाकडं संत्री महागली म्हणून मी कुरकुरत होतो, तेव्हा.

मे 2025 मध्ये तो चुलतभावाच्या लग्नासाठी आला होता. 'ऑपरेशन सिंदूर' सुरू झालं आणि पारावर टीव्हीच्या आवाजात लाहोर, कराची, सगळं भराभर पडू लागलं. आमचा एक रणनीतिकार तर, विहिरीची मोटार बंद पडली तरी न उठणारा, नकाशावर बोट ठेवून फौजा पुढं सरकवत होता. मेजरला युनिटचा फोन हळदीच्या दिवशी आला. हाताची हळद धुऊन त्यानं पेटी भरली. मी मोटारसायकलवर गेवराईपर्यंत सोडायला गेलो. म्हटलं आता तरी हा काहीतरी भारदस्त बोलेल. तो म्हणाला, "आईच्या बीपीच्या गोळ्या शुक्रवारी संपत्यात. आन् ठिबकाची नळी उंदरानं कुरतडलीया, तेवढी बघ." यष्टी आली, चढला, गेला.

10 मेला गोळीबार थांबला. पारावरच्यांना फार वाईट वाटलं, त्यांचं कराची हातातोंडाशी आलं होतं. मेजरचा फोन आला तेव्हा त्यानं पहिला प्रश्न नळीचाच विचारला.

आता दिवाळीला तो येतोय. तेव्हा निम्मं गाव ऊस तोडायला कोयते घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागलेलं असतं, कापूस वेचायला माणूस मिळत नाही आणि त्याची आई रानात एकटी असते. तर पारावरच्या मंडळींना कळवतो: ज्यांना बाटली पाहिजे त्यांनी सकाळी सातला मेजरच्या रानात यावं. येताना ओटी घरूनच बांधून यावी.