शेवंडचोर

पर्थची भाची दिवाळीला आली की आमचं लक्ष तिच्या बॅगेकडे. मॅकाडेमिया निघतील, चॉकलेटं निघतील. या खेपेला टिम विंटनची 'डर्ट म्यूझिक' निघाली. "मामा, तू वाचणारा माणूस ना!" हा शिक्का तरुणपणी मीच मारून घेतलेला, आता कुणाला दोष देणार? २००१ची कादंबरी, पुढच्या वर्षी माइल्स फ्रँकलिन पारितोषिक, शिवाय बुकरच्या अंतिम यादीत. म्हणजे झोपेची सोय झाली.

व्हाइट पॉइंट हे पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरचं कल्पित गाव. तिथली जॉर्जी, एकेकाळची नर्स, रात्रभर कॉम्प्युटरपुढे व्होडका घेऊन जागी. पहाटे तिला दिसतं, कुणीतरी गुपचूप होडी पाण्यात ढकलतंय. तिला झोप येत नाही, आणि तिचं जागरण वाचून मला येते. चार रात्री तो बिचारा होडी ढकलतच होता.

त्यात विंटन संवादांना अवतरणचिन्हंच देत नाही. मी पेन्सिलीने ती घालायला बसलो. एके ठिकाणी जॉर्जीचं बोलणं, ती ज्याच्या घरी राहते त्या जिमच्या तोंडी घालून दोघांचं भांडण परस्पर मिटवलं. पुढच्या पानावर ती का धुसफुसतेय, काही कळेना.

'क्रे' या शब्दापाशी तर गाडीच अडली. सगळं गाव ज्याच्यावर गबर झालंय ते हे काय? लांब मिशा, काटेरी पाठ, पुढे नांग्या नाहीत, असं मी मोठ्याने वाचलं. मालवणहून आलेल्या सासूबाई तांदूळ निवडत होत्या.

"शेवंड ती!" मान वर न करता त्या म्हणाल्या.

खरंच, कूळ एकच. मग त्यांना रोज रात्री गोष्ट हवी झाली. जॉर्जी जिमची लग्नाची नाही हे मी गाळलं. तो होडी ढकलणारा ल्यूथर फॉक्स चोरून मासे मारतो, म्हटल्यावर त्यांनी ताट बाजूला ठेवलं. "गावाक कळल्याशिवाय रवता काय ता?" गावाला कळलं होतं, पण त्या पानापर्यंत पोचायला मला आणखी आठवडा लागला.

शेवटी फॉक्स पळून उत्तरेला, किंबर्लीच्या ओसाड बेटावर जातो. पानंच्या पानं एकटा. मी कंटाळून पुस्तक मिटलं.

"थंय खाता काय तो?"

"मासे. कालवं."

"मगे रडता कित्याक?"