अण्णांची उधारी

भोसरी एमआयडीसीत अण्णांनी आधी भंगार उचललं, मग टँकर घातले. चाकणला कारखाने वाढले तशा कामगारांच्या बसही आल्या. काट्यावर मापात ठेवता येत नाही अशी एकच वस्तू उरली, ती म्हणजे साहेब लोक. म्हणून अण्णा नगरसेवक झाले.

नगरसेवकाला महापालिकेच्या ठेक्यात हितसंबंध ठेवायला कायद्याची बंदी आहे. अण्णा कायदा पाळतात. धंदा मेहुण्याच्या नावावर केला. पुढे वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, तेव्हा पदही वहिनींच्या नावावर गेलं. अण्णांच्या नावावर आता फक्त फ्लेक्स आहेत.

मध्ययुगात ल्युबेक या जर्मन बंदराच्या नगरसभेत व्यापाऱ्यांचंच राज्य असे, कारागिरांना तिथे मज्जाव होता. चाकणला जर्मन कंपनीत लागलेल्या पुतण्यानं ही माहिती पुरवली. अण्णा हरखले. “म्हणजे बंडखोर उभाच राहू शकत नाही? खर्च केवढा वाचत असेल!”

खर्चाचा हिशेब त्यांना तोंडपाठ. दशक्रियेला घाटावर श्रद्धांजलीचं भाषण, साखरपुड्याला फेटा, शाळाप्रवेशाला चिठ्ठी, तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामी आली की वारकऱ्यांना पाणी. सगळं उधार, सगळं खतावणीत. वसुली पाच वर्षांनी, एकरकमी.

मार्च 2022 मध्ये हीच वसुली अडकली. सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक बसले. पिंपरी-चिंचवडच्या 128 जागांची निवडणूक झाली ती थेट जानेवारी 2026 मध्ये. दुसरा कुणी असता तर शटर ओढून बसला असता. अण्णांनी फ्लेक्सवर ‘नगरसेविका’च्या आधी बारीक अक्षरांत ‘मा.’ छापलं. त्याचा अर्थ ‘माननीय’ की ‘माजी’, हे वाचणाऱ्यावर सोडलं आणि दुकान चालू ठेवलं. आमच्या गल्लीतलं चेंबर रात्री तुंबलं, तेव्हा प्रशासकांचा नंबर कुणाकडेच नव्हता. अण्णांचा सगळ्यांकडे होता. अर्ध्या तासात जेटिंगची गाडी आली. ती मेहुण्याची होती, हे सगळ्यांना दिसलं. पण पाणी घरात शिरत असताना गाडीचा सातबारा कोण तपासतो? सकाळी चेंबर मोकळं आणि आख्खी गल्ली देणेकरी.

मतदानाच्या दिवशी केंद्रापासून शंभर मीटर सोडून अण्णा हात जोडून उभे राहिले. कुणाकडे मत मागितलं नाही. प्रत्येकाला फक्त विचारलं, “चेंबर बरंय ना आता?”